बिस्किटावरची धूळ

पॅरिसला लागून असलेल्या सेव्र गावात मी खोली भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकीणबाईंनी भाडे थोडे कमी करून एकच अट घातली : दिवाणखान्यातील 'बिस्किटा'वरची धूळ दर रविवारी मी झटकावी. फोनवर हे ऐकून आईने विचारले, "डब्यात का नाही ठेवत?"

बिस्कीट म्हणजे चकाकीचा लेप न देता भाजलेले पोर्सेलिन, म्हणजेच चिनीमाती. लेपाखाली मूर्तीच्या नाजूक रेषा बुजतात आणि लेपाविना ती संगमरवरासारखी दिसते, हे हेरून येथील राजाश्रयाच्या कारखान्याने अठराव्या शतकात त्याचा बोलबाला केला. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेई या ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन शहरांचे उत्खनन सुरू झाल्यावर ज्या सरदार-सावकारांना ग्रीक-रोमन होण्याचा ध्यास लागला, त्यांना आता देवता थेट जेवणाच्या टेबलावर मांडता येऊ लागल्या. टेबल पुसणारा कोण होता, याची नोंद मला कुठे आढळली नाही.

आमच्याकडे गुलाबांची माळ धरून उभ्या असलेल्या तीन देवता आहेत. गुळगुळीत कप विसळला की संपते. पण या खरखरीत अंगावर ओले फडके फिरवले, तर धुळीचा चिखल होऊन तो वस्त्राच्या चुण्यांत कायमचा मुक्कामाला जातो. म्हणून मऊ, कोरडा कुंचला घेऊन, शिंक दाबत, एकेक पाकळी झाडावी लागते. त्यातून भट्टीत पोर्सेलिन आक्रसते, म्हणजे कारागिराने घडवलेली आधीच बारीक असलेली बोटे आणखी बारीक होऊन माझ्या वाट्याला आली आहेत. आणि ज्या शुभ्रतेसाठी हा सगळा खटाटोप, ती मुळात ग्रीकांची नव्हेच! ते आपले पुतळे रंगवत असत. रंग उडाले आणि उरलेल्या पांढरेपणालाच युरोपने अभिजात ठरवले. थोडी धूळ राहू दिली असती, तर मी इतिहासाच्या अधिक जवळ गेलो असतो.

गेल्या रविवारी कुंचला ठेवताना सहज बोटे मोजली. एकोणतीस भरली. तासभर गालिच्यावर रांगून, सुपलीतला केर चाळून, अखेर मी बाईंपुढे उभा राहिलो.

"ते बोट माझ्या सासूबाईंनी मोडले," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही आठ महिन्यांनी मोजलीत. आधीचा भाडेकरू पहिल्याच आठवड्यात आला होता."