सुईच्या नेढ्याला दरवाजा कुणी लावला?

यरुशलेमच्या (जेरुसलेमच्या) तटाला म्हणे ‘सुईचं नेढं’ नावाचा एक बुटका दरवाजा होता. सूर्यास्ताला मोठी वेस बंद झाली की उशिरा आलेल्या व्यापाऱ्याला त्यातूनच आत यावं लागे. उंटाचं ओझं उतरवायचं, त्याला गुडघ्यांवर बसवायचं, मग तो कसाबसा आत सरकायचा. तेव्हा ‘श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं’ या येशूच्या बोलण्याचा अर्थ इतकाच, की श्रीमंतांनी जरा नम्र व्हावं. हा खुलासा उपदेशांत ऐकू येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, आणि वर ‘मूळ संदर्भ समजून घ्या’ असा सल्लाही देतो. सल्ला चांगला आहे, तोच पाळू.

आधी दरवाजा. बायबलच्या जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकात तटाच्या दुरुस्तीची हकिगत आहे. मेंढरांचा, मासळीचा, उकिरड्याचा, पाण्याचा, घोड्यांचा असे दरवाजे तिथे नावानिशी येतात, सुईचा नाही. ते जुनं झालं म्हणाल, तर येशूच्याच शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस शहराच्या तिन्ही तटांचं वर्णन करतो. त्यालाही हा दरवाजा माहीत नाही. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती विद्वानाने येशूच्या नेमक्या याच बोलण्यावर सविस्तर लिहिलं. श्रीमंतांना धीर देणं हाच त्याचा हेतू होता. असा सोयीचा दरवाजा ठाऊक असता तर त्याने तो सोडला असता का? ही गोष्ट ठळकपणे भेटते ती १३ व्या शतकात, थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने संकलित केलेल्या भाष्यांत, आणि तिथे ती आधीच्या एका टीपेतून आलेली आहे. म्हणजे मधली हजारभर वर्षं कोरडी. आज यरुशलेममधल्या रशियन अलेक्झांडर नेव्हस्की चर्चमध्ये भिंतीतलं एक अरुंद भोक याच नावाने दाखवतात, पण नाव दिल्याने पुरावा तयार होत नाही.

मोठ्या दरवाजात छोटा दरवाजा असायचाच, हे मात्र खरं. आपल्या किल्ल्यांना, वाड्यांना दिंडी दरवाजा असतोच. पण असा दरवाजा असणं वेगळं आणि त्याला त्या काळी त्या गावात ‘सुईचं नेढं’ म्हणत असणं वेगळं. (राजगडावरच्या आरपार भोकाला आपण नेढं म्हणतो, म्हणून मराठीतलं प्रत्येक नेढं राजगडावरचं होत नाही.) शिवाय उंट ओझं चढवायला-उतरवायला बसतो, गुडघ्यांवर रांगत वेस ओलांडणं ही काही त्याची चाल नव्हे.

पण समजा, दरवाजा सापडला. तरी हा अर्थ त्या प्रसंगात बसत नाही, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूचरित्राच्या) दहाव्या अध्यायात, ज्याच्यावरून हे वाक्य निघालं तो श्रीमंत माणूस धावत येतो आणि येशूपुढे गुडघे टेकतो. म्हणजे ‘नम्र व्हा, गुडघे टेका’ हा उपदेश त्याच्या बाबतीत आधीच अमलात आलेला आहे. देवाच्या आज्ञाही तो लहानपणापासून पाळत आलाय. त्याला सांगितलं जातं ते वेगळंच: आहे ते विक, गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. उंटाचं वाक्य त्याची पाठ वळल्यावर येतं.

ते ऐकून शिष्य थक्क होतात. ‘मग तारण (उद्धार) तरी कुणाचं होणार?’ समृद्धी ही देवाची कृपा, अशी समजूत त्यांच्या शास्त्रातूनच आलेली. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात आज्ञाधारकांना भरलेल्या कोठारांचं वचन आहे. अशा माणसाचीच ही गत, तर बाकीच्यांचं काय? ओझं उतरवून वाकायचं एवढीच अट असती तर कुणी दचकलं नसतं. आणि येशूचं उत्तर ‘अवघड आहे, पण जमेल’ असं नाही. ‘माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही,’ असं तो म्हणतो. दरवाजा बसवला की हे उत्तरच निरर्थक होतं.

अतिशयोक्तीचं बिचकायचं कारण नाही. माशी गाळून उंट गिळणाऱ्यांची थट्टा येशूच करतो. बाबिलोनी तालमूद या यहुदी धर्मग्रंथात सुईच्या नेढ्यातून हत्ती जातो. उंटाची प्रतिमा कुराणातही (७:४०) अशक्यतेसाठीच येते.

मूळ शब्द ‘उंट’ नसून ‘जाड दोर’ होता, ही काहीजण सुचवतात ती दुसरी दुरुस्ती. घ्या दोर. तोही नेढ्यात जात नाहीच.

मग श्रीमंतांना दारच बंद का? तसंही नाही. लूकने आपल्या शुभवर्तमानात हा प्रसंग अठराव्या अध्यायात सांगितला आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीलाच यरीहोचा जक्कय आणला: मुख्य जकातदार आणि धनवान. तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि ज्यांना नाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल करतो. ‘आज या घराला तारण झालं आहे,’ असं येशू म्हणतो, ते त्यानंतर.