म्हणे पोटाची चरबी काढा अन् फुफ्फुस नवं करा

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, पोटाची चरबी काढायची, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, सलाईनमधून चढवायच्या, की न्यूमोनियाने नाहीतर फवारणीच्या विषाने गेलेलं फुफ्फुस आठ दिवसात नवंकोरं, व्हेंटिलेटरची गरजच नाही, स्वतःच्याच पेशी म्हणून साइड इफेक्ट झिरो, आणि डॉक्टर लोक हे मुद्दाम लपवतात.

लपवतात कसलं भो, चीनमधल्या डॉक्टरांनी २०१४ मध्येच हे छापलंय. एआरडीएसचे १२ पेशंट, म्हणजे फुफ्फुसात एकदम सूज येऊन पाणी भरतं अन् ऑक्सिजन रक्तात जातच नाही तो आजार, त्यातल्या निम्म्यांना चरबीतल्या पेशी दिल्या, किलोमागे १० लाख. त्रास झाला नाही हे खरं, पण व्हेंटिलेटर लवकर सुटला का, घरी लवकर गेले का, तर नाही, दोन्हीकडे सारखंच.

आणि त्या पेशी पेशंटच्या स्वतःच्या नव्हत्याच! दुसऱ्याच्या चरबीतून काढून वाढवलेल्या होत्या. ज्याचा ऑक्सिजन ८० वर आलाय त्याला टेबलावर घेऊन चरबी कोण उपसणार, आणि उपसली तरी लॅबमध्ये त्या पेशी वाढवायला आठवडे लागतात, इथं तर एकेक तास मोजून काढावा लागतो. वाढवायला वेळ नाही म्हणून काही क्लिनिकवाले चरबी नुसती एन्झाइमने विरघळवून त्याच दिवशी टोचतात, तो माल वेगळा, त्यात नाना जातीच्या पेशींची खिचडी असते.

नवं फुफ्फुस वगैरे तर सोडूनच द्या. शिरेतून दिलेल्या पेशी फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, दोनेक दिवसात बहुतेक संपतात, केळीच्या कंदासारख्या तिथं रुजत नाहीत. जाताजाता सूज कमी करणारी द्रव्यं सोडतात, संशोधन चालू आहे ते त्याच्यासाठी.

साइड इफेक्ट झिरो म्हणणाऱ्यांनी फ्लोरिडा वाचावं, तिथं स्वतःच्याच चरबीच्या पेशी डोळ्यात टोचून तीन बायांची नजर गेली, २०१७ ला छापून आलंय. शिरेतून दिलं तर गुठळीची भीती वेगळीच.

व्हेंटिलेटर नको म्हणे! जीव वाचवतंय तेच, फक्त नीट लावलेलं. २००० साली ८६१ पेशंटमध्ये दिसलं की दर श्वासाला मशीन देतं तो हवेचा झटका लहान ठेवला, आदर्श वजनाच्या किलोमागे ६ मिली, तर मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर येतात. २०१३ मध्ये सिरियस पेशंटना पालथं झोपवून मृत्यू निम्म्यावर आले. पालथं झोपवायला चार माणसं लागतात, त्याचा फॉरवर्ड कोण करणार.

आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमात रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल ही फक्त नोंदणी झालेल्या ट्रायलमध्येच देता येते, आणि ट्रायलचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. म्हणून वावर विकायच्या आधी सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी नंबर मागा, अन् पॅकेजचा रेट सांगायला लागले की तिथूनच उठा.