त्या फोटोत मी हसत नाहीये

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबण लागणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, मी रुसणार नाही.

संध्याकाळी जिमच्या चेंजिंग रूममध्ये बेसिनपाशी एक मुलगी उभी होती. परवा तिची पहिली शरीरसौष्ठव स्पर्धा. बायकांची फिगर कॅटेगरी, म्हणजे मी ज्यात उतरले होते तीच. नळाचं पाणी ओंजळीत घ्यायची, तोंडात खुळखुळवायची आणि थुंकायची. परत ओंजळ, परत खुळखुळ, परत थुंकायचं. ओठांना भेगा, तोंडाच्या कडांना पांढरं साचलेलं. मला वाटलं हिला मळमळतंय. विचारलं तर म्हणाली, "नाही ताई, सरांनी आज सकाळपासून पाणी बंद केलंय. तोंड ओलं केलेलं चालतं, गिळायचं नाही." आणि मग अगदी हळू, चोरी पकडली गेल्यासारखं, "एक झाकणभर गिळलं तर स्टेजवर दिसेल का हो?"

हातात बाटलीचं झाकण होतं तिच्या. निळं. त्यात किती मावतं? दोन चमचे?

मी तिला काय सांगितलं ते नंतर लिहिते. आधी माझ्या फोटोबद्दल.

आईच्या घरी टीव्हीच्या वर माझा एक फोटो आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. निळा सूट, पारदर्शक टाचांच्या सँडल, तपकिरी रंगात बुडवून काढल्यासारखी मी आणि चेहऱ्यावर कान ते कान हसू. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई दाखवते, "बघा, किती प्रसन्न दिसतेय." आईला मी आजवर सांगितलेलं नाही, आज इथे सांगते (आई फेसबुकवर नाही, आणि ताई, तू दाखवू नकोस). त्या फोटोत मी हसत नाहीये. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की वरचा ओठ दातांना चिकटला होता. खाली यायलाच तयार नव्हता. जीभ फिरवून सोडवावा तर जिभेलाही ओल नव्हती. सोळा आठवडे घासून शेवटी परीक्षकांसमोर मी दात विचकून उभी होते आणि सगळे म्हणाले, काय आत्मविश्वास!

त्या वेळी मला पाणी पिऊन जवळजवळ वीस तास झाले होते.

आता जरा शाळेत जाऊ या. स्नायूच्या वजनातला साधारण ७५ टक्के भाग पाण्याचा असतो. स्नायूत ग्लायकोजेन (भातासारख्या पदार्थांतून येणारी साखर साठवून ठेवतात ते रूप) साठतं तेव्हा दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत घेऊन साठतं. शेवटच्या आठवड्यात आपण भाताचे डबेच्या डबे रिचवतो ते याच्यासाठीच, की रिकामे झालेले स्नायू भरून यावेत. आणि त्याच आठवड्यात पाणी तोडायचं! मडकं घडवायला बसायचं आणि माती भिजवायची नाही, यातला प्रकार. मग स्टेजमागे रबर बँड ओढ ओढ ओढलं तरी पंप, म्हणजे रक्त भरून स्नायू फुगणं, येत नाही, कारण रक्तातलंच पाणी आटलेलं असतं. स्नायू सपाट पडतात. सोळा आठवडे कमावलेलं शेवटच्या दोन दिवसांत पिळून फेकून द्यायचं आणि त्याला म्हणायचं 'ड्राय लुक', म्हणजे पाणी उतरून रेखीव दिसणं.

यावर सरांचं, म्हणजे कुठल्याही कोचचं, उत्तर ठरलेलं असतं. कातडीखालचं पाणी जातं, स्नायूतलं राहतं. अहो, शरीर काय हमाल आहे का? या खोलीतलं सामान हलव, त्या खोलीतलं राहू दे? पाणी जातं तेव्हा सगळीकडूनच जातं.

हो, मान्य. वरच्या पातळीवरचे खेळाडू पाण्याशी, मिठाशी खेळतात आणि त्यातल्या काहींना फरक दिसतोही. दिसू दे. त्यांनी ते स्वतःवर वीस वेळा करून पाहिलेलं असतं. आणि ते तरी कुठे सुरक्षित आहेत? १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा नेदरलँड्समधली व्यावसायिक स्पर्धा जिंकला आणि काही तासांत गेला, पाणी उतरवायच्या गोळ्यांमुळे असं मानतात. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता तो. त्या गोळ्या पोटॅशियमचं गणित बिघडवतात आणि हृदयाचा ठोका त्याच गणितावर चालतो. तिला गोळी दिलीये का, हे मी आज विचारलंच नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं. विचारायला हवं होतं.

थांबा, तिला मेसेज टाकते आधी.

टाकला. तर...

स्टेजमागे त्या दिवशी एक बाई होत्या. पन्नाशीच्या. मी त्यांना काकू म्हणणार होते, पण खांदे बघितले आणि तोंडातून 'मॅडम' निघालं. जमिनीवर टॉवेल टाकून पडल्या होत्या, पाय खुर्चीवर, शेजारी लिटरची बाटली. निवांत घोट घोट पीत होत्या. बाकी आम्ही सगळ्या जणी कोपऱ्याकोपऱ्यात वाळत घातल्यासारख्या बसलेलो. मला राहवलं नाही. विचारलं, "तुम्हाला पाणी चालतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी विनोद केलाय. म्हणाल्या, "मला तहान लागते."

बस्स. एवढंच उत्तर. मला तहान लागते. मी सोळा आठवड्यांत 'मला' या शब्दाने सुरू होणारं एकही वाक्य बोलले नव्हते. माझे सर म्हणायचे, प्लॅनमध्ये आहे, चार्टमध्ये नाही. मला भूक लागलीये, मला झोप येत नाहीये, माझं काहीतरी बिनसलंय, हे सगळं 'बहाणे' या खात्यात जमा.

बहाण्यांवरून आठवलं, आणि आता मी लिहिणारच आहे, ज्यांना अवघडल्यासारखं होईल त्यांनी स्क्रोल करा. नवव्या आठवड्यात माझी पाळी थांबली. घाबरून सरांना सांगितलं. सर काय म्हणाले माहितीये? "छान! म्हणजे फॅट खाली आलं. बरोबर चाललंय."

छान!

मी खूश झाले. हे जास्त वाईट आहे, की मी खूश झाले. पाळी थांबणं म्हणजे फॅट कमी झाल्याची पावती नसते. घरात दाणा नाही, आता पाहुणे बोलावू नका, असं मेंदूने ठरवलेलं असतं. आत इस्ट्रोजेन हे हार्मोन खाली जातं आणि त्याच्याबरोबर हाडं झिजायला लागतात. ज्या खेळाच्या नावातच शरीर बांधणं आहे त्यात हाडं झिजली तर त्याला छान म्हणायचं? माझी पाळी स्पर्धेनंतर सात महिन्यांनी आली. त्या सात महिन्यांत सरांचा एकदाही फोन नाही. त्यांची दुसरी बॅच सुरू होती.

आता कुणीतरी लिहीलच, "शिस्त लागते बाई या खेळाला, सगळ्यांना नाही झेपत." लागते ना. मी पहाटे उठून सोळा आठवडे कार्डिओ केलंय, घरच्या लग्नात डबा घेऊन गेलेय, मला शिस्त शिकवू नका. भुकेबद्दल तर माझी तक्रारच नाही. चरबी उतरवायची म्हणजे भूक लागणारच, तिला पर्याय नाही. रात्री एक वाजता उशीखाली फोन घेऊन मी केकचे व्हिडिओ बघायचे. एकामागून एक. क्रीम पसरवणारी ती सुरी बघत बघत झोप लागायची. मला वाटायचं मला वेड लागलंय. नंतर वाचलं की १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना महिनोन् महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता आणि त्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करत बसायचे. वाचून इतकं हायसं वाटलं! मी एकटी नाही. माणूस उपाशी राहिला की असंच करतो. हेच मला कुणी नवव्या आठवड्यात सांगितलं असतं तर निदान स्वतःला शिव्या तरी दिल्या नसत्या.

बरं, एवढं सगळं करून मी हरले कशाने? कंडिशनने, म्हणजे चरबी कमी पडली नाही म्हणून? छे. पोझिंगने.

फिगरमध्ये चार क्वार्टर टर्न असतात. ऐकायला किती सोपं, नव्वद अंशांत चार वेळा वळायचं. करून बघा. बोटभर टाचेवर उभं राहायचं, टाचा जुळवलेल्या, मांड्या ताठ, लॅट (पाठीचे रुंद स्नायू) उघडलेले, पण खांदे कानाला लागायचे नाहीत. पोट आत आणि श्वास चालू. हाताची बोटं मऊ. हे सगळं धरून ठेवायचं आणि चेहऱ्यावर असं की मी इथे फिरायला आलेय. परीक्षक कागदावर काहीतरी खरडतात, मध्येच म्हणतात, तीन नंबर आणि सहा नंबर जागा बदला, पुन्हा चार टर्न. मिनिटं जातात. मी पोझिंगला हात घातला तो शेवटच्या चार आठवड्यांत, तोही वर्कआउटनंतर उरलेली दहा मिनिटं. आमच्या चार्टमध्ये फरसबीचे ग्रॅम होते, पोझिंगला रकाना नव्हता.

त्यात ती तहान. दुसऱ्या टर्नला, पाठ परीक्षकांकडे असताना, डाव्या पोटरीत गोळा आला. पाठमोरी होते म्हणून चेहरा तरी दिसला नाही. पोटरी मात्र दिसली. त्यांना मागून तेच तर बघायचं होतं. माझी पोटरी स्वतंत्रपणे उड्या मारत होती. चौथ्या टर्नला वळले, फ्लॅश पडला, ओठ दातांना चिकटलेला. तोच फोटो. टीव्हीच्या वर आहे तो.

सात जणींत सहावी आले. लिटरची बाटलीवाल्या मॅडम दुसऱ्या.

खाली उतरल्यावर मी भिंतीला टेकून बसले. त्यांनी काही न बोलता बाटली पुढे केली. अर्धी उरली होती. मी एका दमात संपवली, हनुवटीवरून ओघळलेल्या पाण्याने गळ्यावरचा रंग उतरून पांढरे पट्टे पडले. त्या हसल्या. "आता माणसात आलीस," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी मी नेहमीसारखं पाणी प्यायले, वीस आठवडे हळूहळू उतरवलं, रोज अर्धा तास पोझिंग केलं. तिसरी आले. पाण्यामुळे आले असं म्हणत नाही, त्या वर्षी मुलीच चार होत्या.

सर वाईट नव्हते हो. हे लिहिताना राग उतरायला लागलाय माझा, खरं सांगते. पहाटे साडेपाचला माझ्याआधी येऊन उभे असायचे. माझा सूट सैल झाला तेव्हा स्वतः सुईदोरा घेऊन बसले. त्यांनाही कुणीतरी असंच वाळवलं होतं, त्याला आणखी कुणी. आमच्यात प्रश्न विचारायची पद्धतच नाही. वर बघायचं आणि हो म्हणायचं.

पण तरी. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजीन सँडो या त्या काळच्या प्रसिद्ध बलवानाने शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. तेव्हा गुण कशाला द्यायचे त्या यादीत स्नायूंच्या जोडीला एकूण आरोग्य आणि त्वचेची स्थितीही होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळत होतं. आज त्या मुलीला आरोग्याचे किती मिळतील? आणि त्वचेचे? ओठ बघा तिचे आधी.

तर मी तिला काय सांगितलं. खूप काही सांगायला हवं होतं, ग्लायकोजेन, पोटॅशियम, सगळं. ऐनवेळी काहीच सुचलं नाही. माझी बाटली तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, "मी तुझ्या जागी असते तर प्यायले असते." ती म्हणाली, "सरांना विचारते." मी म्हणाले, "तहान सरांना लागलीये का?" जरा जोरातच बोलले बहुतेक. तिचे डोळे भरले, ती बॅग उचलून निघून गेली. म्हणजे मीही तेच केलं. आणखी एक जण तिच्यावर ओरडलं.

घरी आल्यापासून याचंच वाईट वाटतंय. म्हणून हा एवढा पसारा.

थांबा, मेसेज आला तिचा.

"नाही ताई, गोळी नाही दिली. तशी निघून आले, वाईट वाटलं. घरी येऊन दोन ग्लास प्यायले. सरांना सांगू नका प्लीज. एक विचारू? उद्या संध्याकाळी टॅन लावणार आहेत, मग एवढं पाणी प्यायल्यावर सारखी लघवी लागणार. शिंतोडे उडून मांडीवरचा रंग जातो म्हणतात. मग काय करायचं?"

त्याला उपाय आहे. कागदी पेल्याचा तळ कापून त्याचं नरसाळं करायचं. मला त्या मॅडमनीच शिकवला होता, दुसऱ्या वर्षी. पण हे लिहून कळणार नाही तिला, फोन लावते.