या संगीतात म्हणे माणूसच नाही!

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक रील आलं. कुणी एक बुवा गंभीर चेहऱ्यानं सांगतोय की ड्रम अँड बेस, म्हणजे लंडनच्या पोरांचं ते सुसाट ड्रम आणि जाड बेसचं संगीत, हा कॉम्प्युटरनं केलेला गोंगाट, यात माणूसच नाही. खाली आपल्याच मंडळींचे अंगठे. सवाई गंधर्वला रात्र जागवणारी मंडळी ही! दिवसभर डोकं तापलंय. पोस्ट लांब आहे, कंटाळा येईल त्यानं पुढे सरकावं.

माणूस आहे. ग्रेगरी कोलमन त्याचं नाव. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडचं 'आमेन, ब्रदर' निघालं. त्यात मध्येच बाकीची वाद्यं गप्प होतात आणि कोलमन एकटा ड्रम वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूला!

हे मला एका व्हॅनमध्ये कळलं. लंडनला शिकताना सुट्टीत सामान पोचवायच्या व्हॅनवर हमाली करायचो. ड्रायव्हर पूर्व लंडनच्या हॅकनीत वाढलेला, आईबाप जमैकाचे. त्यानं आधी हे गाणं लावलं, मग एक 'जंगल' ट्रॅक (जंगल म्हणजे ड्रम अँड बेसचाच आधीचा अवतार), आणि स्टिअरिंगवर बोटं आपटत विचारलं, "माणूस तोच आहे, ओळखलास?" नाही ओळखला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

नव्वदीच्या सुरुवातीला लंडनच्या पोरांनी ती सहा सेकंदं सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचा तुकडा उचलून हवा तसा वाजवणाऱ्या यंत्रात घातली, एकेक ठोका सुटा केला, वेग वाढवला आणि उलटसुलट जोडला. खाली जमैकाच्या रेगे संगीताचा बेस, ड्रमच्या निम्म्या वेगानं. म्हणजे खाली ठाय आणि वर दुगुण! हे आपल्या कानांना कळू नये?

आणि तो बेस आकाशातून पडला नाही. जमैकातून आलेल्या लोकांनी साउंड सिस्टीम, म्हणजे अजस्र स्पीकर लावून रस्त्यावर गाणी वाजवायची त्यांची रीत, सोबत आणली होती. आमचा ड्रायव्हर पोरवयात मामाच्या साउंड सिस्टीमचे स्पीकर नॉटिंग हिल कार्निव्हलला, म्हणजे लंडनमधल्या कॅरिबियन लोकांच्या रस्त्यावरच्या जत्रेला, उचलायचा. पाठ तिथेच गेली म्हणायचा, आणि हसायचा. सरकारी रेडिओ हे वाजवेना, तेव्हा कूल एफएमसारखी चोरटी स्टेशनं उंच सरकारी इमारतींच्या गच्चीवर एरियल लावून चालायची. अधिकारी यायचे, काढून न्यायचे, की पुन्हा नवा एरियल. १९९४ मध्ये तर ब्रिटिश सरकारनं रेव्ह, म्हणजे रात्रभर नाचायच्या पार्ट्या, मोडायला कायदा केला आणि त्यात चक्क 'एकामागून एक येणारे तेच ते ठोके' अशी संगीताची व्याख्या घातली. ठोक्यांना घाबरणारं सरकार! आणि आमचे रीलवाले म्हणतात माणूस नाही.

बरं, हे फक्त जमैकन घरांतल्या पोरांचं नव्हतं, गोरी पोरंही पहिल्यापासून होती, मान्य. आणि पुढे बरंच यांत्रिक, कंटाळवाणं कामही झालं, तेही मान्य. पण वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमला मिळणारं मर्क्युरी पारितोषिक १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्राझेंट या ड्रम अँड बेसवाल्यांना मिळालं, ते काय गोंगाटाला?

आता खरं दुखतं ते. ते ड्रम हजारो गाण्यांत वाजले आणि कोलमनला त्यातून एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये तो अटलांटात गेला, तेव्हा त्याला घरही नव्हतं. २०१५ मध्ये एका ब्रिटिश डीजेनं वर्गणी काढून बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याला सुमारे २४ हजार पौंड दिले. चांगलंच केलं. पण वाजवणारा तोवर गेलेला. सॅम्पल उचलणाऱ्या पोरांकडे तरी कुठे पैसा होता, हेही खरं, त्यांच्यावर राग निघत नाही. ड्रायव्हरला विचारलं होतं, याचे पैसे कुणाला जातात? त्यानं आवाज वाढवला आणि गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली.

जाऊ दे. ते रील मला परत पाठवू नका. 'गाणंच तर आहे, एवढं काय चिडायचं' असं लिहायचं असेल, तर आधी गोल्डी या ब्रिटिश संगीतकाराचं ड्रम अँड बेसमधलं 'इनर सिटी लाइफ' पूर्ण ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नाही, बेस ऐकू येईल अशा कशावर तरी. मग या भांडायला, मी जागाच आहे.