औट घटकेचे सम्राट आणि दुर्मिळतेचा बाजार

नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: रोमच्या पडत्या काळात जे बंडखोर औट घटकेचे सम्राट झाले, त्यांची नाणी सर्वांत दुर्मिळ. कारकीर्द जितकी तोकडी, तितकं नाणं अपूर्व. जिंकणाऱ्याने ती वितळवून टाकली, म्हणून उरलेल्या एकेकाला लाखांची किंमत. आणि इतिहासात ज्याचं नाव नाही, त्याचं नाणं खोटंच. ऐकायला सगळं पटतं. पण प्रत्यक्ष नाणी बघायला घेतली की यातलं फार थोडं टिकतं.

कारकिर्दीचंच घ्या. इ.स. २७० मध्ये भाऊ, सम्राट क्लॉडियस (दुसरा) वारला आणि क्विंटिलस गादीवर आला. युट्रोपियस हा प्राचीन रोमन इतिहासकार त्याला जेमतेम १७ दिवस देतो. तरी त्याची नाणी रोम, मिलान, सिस्किया आणि सिझिकस अशा चार टांकसाळींतून निघाली, आणि आजही ती सहज मिळतात. सिझिकस आजच्या तुर्कस्तानात. तिथवर बातमी पोचायची, ठसे कोरायचे, नाणी पाडायची, हे सगळं सतरा दिवसांत? त्याने काही महिने तरी राज्य केलं असावं, असं मानायला ही नाणीच भाग पाडतात. गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) मारियसची गंमत तर याहून मोठी. हा म्हणे लोहार. एका दिवशी सम्राट झाला, दुसऱ्या दिवशी राज्य केलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच घडवलेल्या तलवारीने मारला गेला. कथा झकास आहे, पण या ‘तीन दिवसांच्या’ सम्राटाची नाणी दोन टांकसाळींतून, वेगवेगळ्या छापांची सापडतात.

नाणी किती पडणार हे मुळात दिवसांवर ठरत नव्हतंच. हातात चालू टांकसाळ आहे का आणि पगार द्यायला किती सैन्य आहे, यावर ते ठरायचं. त्या काळच्या नाण्यात चांदी नावालाच उरली होती, त्यामुळे ढीगच्या ढीग पाडायला अडचण नव्हती. गॉलचा टेट्रिकस (२७१–२७४) बंडखोरच, पण त्याची किरणांच्या मुकुटाची नाणी आणि त्यांच्या ओबडधोबड गावठी नकला नवशिक्याच्या पहिल्या खरेदीत हटकून असतात. उलट २६०च्या सुमारास डॅन्यूबकाठी बंड करणारा रेगॅलियानस बघा. टांकसाळ नाही, म्हणून त्याने कार्नुंटममध्ये जुन्या सम्राटांच्या देनारींवरच (रोमन चांदीच्या नाण्यांवरच) आपला ठसा मारला. नाणं तिरकं धरलं तर त्याच्या चेहऱ्याच्या कडेने आधीच्या सम्राटाची अक्षरं डोकावताना दिसतात. ही नाणी खरोखर दुर्मिळ आहेत, आणि त्याचं कारण हे असं आहे.

‘सगळी वितळवली’ हा दावा तर एका मडक्यापुढेही टिकत नाही. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या फ्रोमजवळ एकाच मडक्यात ५२,५०३ नाणी सापडली, त्यांत साडेसातशेहून अधिक कॅरोसियसची. हा २८६ मध्ये ब्रिटन बळकावून बसलेला बंडखोर. जमिनीत पुरलेलं वितळवायला कोण जाणार? मॅग्नेन्टियस (३५०–३५३) हरला, मेला, पण त्याची कांस्यनाणी आजही चिकार आहेत. मागच्या बाजूला ख्रिस्ताचं मोठं चिन्ह, दोन्हीकडे अल्फा आणि ओमेगा असलेलं त्याचं नाणं तर बघताक्षणी ओळखू येतं.

नाव माहीत नाही म्हणून खोटं, या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. बनावट माल भरपूर आहे. पण डोमिशियानस नावाच्या बंडखोर सम्राटाचं काय झालं? १९०० मध्ये फ्रान्समध्ये त्याचं नाणं मिळालं, तेव्हा बहुतेकांनी ते बनावट म्हणून बाजूला सारलं. मग २००३ मध्ये ऑक्सफर्डजवळ चालग्रोव्हला सुमारे पाच हजार नाण्यांचं, गंजून एकजीव झालेलं मडकं निघालं. नाणी सुटी करताना त्यात डोमिशियानसचं दुसरं नाणं सापडलं आणि शंकेखोरांची तोंडं बंद झाली. स्पॉन्सियानस नावाच्या अशाच एका सम्राटाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. त्याचं सोन्याचं नाणं १७१३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रुमानियात) सापडल्याचं सांगतात. २०२२ मध्ये ग्लासगोच्या संग्रहालयातल्या नाण्यावरचे ओरखडे आणि माती तपासून ते अस्सल असल्याचं संशोधकांनी मांडलं. ठसा न मारता ओतून केलेलं हे नाणं अनेक तज्ज्ञांच्या गळी अजूनही उतरत नाही.

राहिली किंमत, आणि खिशाला चाट बसते ती इथेच. दुर्मिळ म्हणजे महाग नव्हे. ‘रोमन इंपीरियल कॉइनेज’ या रोमन नाण्यांच्या संदर्भसूचीच्या १९६६च्या सातव्या खंडात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या असंख्य किरकोळ प्रकारांपुढे आर-५, म्हणजे एकच ज्ञात नमुना, असं छापलंय. पण ती मोजदाद मुख्यतः मोठ्या संग्रहालयांवरून झालेली. नंतर मेटल डिटेक्टरवाल्यांनी किती काढली, त्याचा त्यात हिशोब नाही. शिवाय टांकसाळीच्या खुणेतला एखादा ठिपका वेगळा आहे म्हणून जादा पैसे मोजणारे हौशी असतात तरी किती? रोम्युलस ऑगस्टुलसच्या सोन्याच्या नाण्यावर मात्र उड्या पडतात, कारण पश्चिमेचा शेवटचा सम्राट म्हणून त्याचं नाव सर्वांना ठाऊक. विक्रेत्याने आर-५ दाखवून भाव चढवला, तर त्याला एवढंच विचारा, की असंच नाणं मागच्या दोन-चार लिलावांत कितीला गेलं?