कोरड्या विहिरीत पाणी कसं पाहावं

भाऊ, तुम्ही पक्षात नवे आहात. गळ्यातल्या दुपट्ट्याची घडी अजून मोडली नाही, आणि परवा पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता तुम्ही चारचौघांत बोलून गेलात, 'टाकीच्या कामात आपल्यावाल्यांचं जरा चुकलंच.' मी बाजूलाच उभा होतो. तुमचं वय पाहून विषय क्रिकेटवर नेला. पण दरवेळी मी बाजूला असेनच असं नाही, म्हणून हे लिहितो. पंचवीस वर्षं सतरंज्या उचलल्यात, तेवढा अधिकार पोचतो.

'चुकणे' हे क्रियापद आपल्याकडे फक्त तृतीय पुरुषात चालतं. ते चुकले, त्यांनी चुकवलं, त्यांच्या काळात चुकत गेलं. 'आमचं चुकलं' हे रूप शाळेच्या व्याकरणात असेल, तालुका कार्यालयात नाही.

सोयाबीनचंच घ्या. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजार समितीत बोली चार हजारांच्या आगेमागे. माझ्याही घरी पोती पडून होती. बायको म्हणाली, "आता कोणाले शिव्या द्याच्या ते तरी सांगा." निष्ठावंताच्या घरात याहून अवघड प्रश्न नाही. नियम पाठ करून ठेवा : सरकार आपलं असेल तर भाव ब्राझील पाडतो. सरकार त्यांचं असेल तर तोच भाव सरकार पाडतं आणि ब्राझील तेवढी पाच वर्षं नकाशावरून गायब असतो. पुढच्या ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं, तेव्हाही तसंच. पऱ्हाटी शेतात उभी, वेचणी तोंडावर. हा कापड गिरण्यांना दिलासा की शेतकऱ्याचा घात, हे बोंडाकडे पाहून ठरत नसतं, दुपट्ट्याकडे पाहून ठरतं.

कोणी गोसीखुर्द धरणाचं नाव काढलं तर घाबरू नका. १९८८ साली भूमिपूजन, अंदाजपत्रक ३७२ कोटींचं, आता आकडा १८ हजार कोटींच्याही पुढे. या वर्षांमध्ये सगळ्यांचीच सरकारं येऊन गेली, त्यामुळे इथे जरा वजाबाकी यावी लागते. आपली वर्षं काढून टाकायची, उरलेल्यांवर बोलायचं. समोरचाही तेच करतो. दोघांची वजाबाकी जोडली की धरण कोणीच रखडवलेलं नसतं.

आता तुम्ही विचाराल, नेते तर रात्रीतून पक्ष बदलतात, मग निष्ठा आपणच का सांभाळायची? हा प्रश्न मलाही एकदा पडला होता, नंतर सवय झाली. नेत्याचं पक्षांतर आणि आपलं पक्षांतर यांत फरक आहे. १९८५ च्या कायद्याने एकतृतीयांश आमदार फुटले तर ती फूट धरली जायची, म्हणजे चालायचं. २००३ मध्ये ती सोय गेली, आता दोनतृतीयांश लागतात आणि त्याला विलीनीकरण म्हणतात. मात्र एकटा गेला तर तो गद्दार. थोडक्यात, घाऊक भावात जे राजकारण असतं ते किरकोळीत पाप होतं. आणि तुमचा-माझा सगळा धंदा किरकोळीचाच. २०२३ च्या फेब्रुवारीत धनुष्यबाण आणि २०२४ च्या फेब्रुवारीत घड्याळ कोणाचं, याचा निकाल दिल्लीत निवडणूक आयोगाने दिला. इथे गावात ज्यांनी ती चिन्हं घराच्या भिंतीवर रंगवली होती, त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांच्यातल्या एकाने चुन्याची बादली आणून ठेवली आहे, अजून लावला नाही. पुढचा निकाल येईपर्यंत थांबतो म्हणतो. समजूतदार माणूस!

बरं, टाकीचं. तुम्ही तेव्हा पुण्याला कंपनीत होता, म्हणून नीट सांगतो.

घरोघर नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी, अशी योजना आली. टाकी उभी राहिली, पाइप पुरले, तोट्या बसल्या. तोट्यांचे फोटो फार छान आले. पाणी कुठून आणायचं एवढा एक तपशील उरला होता. भूजल सर्वेक्षणवाले येऊन नाल्याकाठची जागा दाखवून गेले, पण नाल्याकाठचं वावर पडलं त्यांच्या पॅनलवाल्याचं. (ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं हे खरं, पण कोणतं पॅनल कोणाचं हे आमच्या म्हशींनाही ठाऊक असतं.) त्याच्या वावरात विहीर म्हणजे उद्घाटनाच्या दगडावर त्याचं नाव! आपल्या माणसाचं वावर बरडावर, म्हणजे खडकाळ माळावर होतं. ठराव झाला, विहीर बरडावर. ठराव नानाजींनी मांडला, अनुमोदन मी दिलं. माझी सही आहे तिथे, झोकदार आहे.

खाली काळा खडक लागला. सुरुंग लावून लावून विहीर नेली. पहिल्याच पावसाळ्यात ती काठोकाठ भरली, तेव्हा आपण ताबडतोब जलपूजन उरकून घेतलं. घाई केली ते बरंच केलं, कारण माघ उतरता उतरता तळ दिसला.

मग आली १ मेची ग्रामसभा. एरवी आपल्याला सोय आहे. शंभर मतदार किंवा १५ टक्के, यातलं जे कमी तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पाच जणांत ठराव होतात, चहाही कमी लागतो. त्या दिवशी मात्र बाया पाण्याचे रिकामे गुंड, म्हणजे हंडे घेऊन आल्या. सचिवाने मोजणं सोडून दिलं.

मी तयारीत होतो. दुष्काळ, हवामान, मागच्या पॅनलने नाला खोल केला नाही, ही सगळी कारणं क्रमाने लावून ठेवली होती. तेवढ्यात नानाजी उठले. जवळजवळ पन्नास वर्षांचा पक्ष त्यांच्या अंगावर, आणीबाणीनंतरच्या निवडणुकीपासूनचे बिल्ले ट्रंकेत जपलेले. म्हणाले, "ठराव म्या मांडला होता. सर्वेवाल्यानं दाखवली ते जागा सोडून आपल्या माणसाच्या वावरात विहीर नेली. चुकलं आपलं. आता नाल्यावर दुसरी पाहा, आन् त्या पॅनलवाल्याले इचारा, जागा देते काय."

एवढंच बोलले आणि बसले.

विरोधकांनी टाळ्या वाजवल्या असत्या तर आपलं काम सोपं होतं. नानाजी तिकडे मिळाले, असं संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळवता आलं असतं. पण तेही गप्प. त्यांच्या काळातला वाहून गेलेला बंधारा आठवला असावा. मग सगळं गाव अनुमोदकाकडे पाहू लागलं. मी चप्पल शोधत होतो.

या आजारावर उपाय आहेत. आधी 'त्यांची तब्येत बरी नसते' असं पसरवलं. लोक डबे घेऊन त्यांच्याकडे भेटायला गेले, ते वावरात निंदण करताना सापडले. मग 'कोणीतरी फूस लावली' म्हणून पाहिलं. मग त्यांना पक्षाच्या ग्रुपमधून काढायचं ठरलं, तेव्हा कळलं की त्यांच्याकडे बटणाचा फोन आहे, ते ग्रुपात कधी नव्हतेच. शेवटी शाल-श्रीफळ देऊन मार्गदर्शक केलं. मार्गदर्शकाला बोलावलं जात नाही, त्यामुळे तो चुकीचं बोलत नाही.

एका कार्यकर्त्याने मला सेवाग्राम ऐकवलं. म्हणे, वर्धा इथून जवळ, नेते तिथे जाऊन चरख्याजवळ फोटो काढतात, आणि तो म्हातारा तर स्वतःची चूक हिमालयाएवढी आहे म्हणून जाहीर सांगायचा. खरं आहे, १९१९ ची गोष्ट. पुढे १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा झालं, तेव्हा भर रंगात आलेलं आंदोलन त्यांनी थांबवलं. तुरुंगात बसलेले त्यांचेच लोक चिडले. मी त्या पोराला म्हटलं, बाबा, त्यांना निवडणूक लढवायची नव्हती. आपल्याला फेब्रुवारीत आंदोलन थांबवलं तर मार्चमध्ये तिकीट मिळत नाही. फोटो काढ, पण फोटोतच ठेव.

पोळ्याचा मात्र बंदोबस्त करता आला नाही. तोरणाखाली पोट्ट्यांनी बरडावरच्या विहिरीवर झडती, म्हणजे पोळ्याचं यमकी गाणं म्हटलं, आणि 'अनुमोदक' या शब्दाला त्यांनी जे यमक जुळवलं ते इथे लिहिता येत नाही. माझा बैल तेवढा मान हलवत होता.

नाल्याकाठच्या वावरवाल्याने नानाजींना जागा द्यायला हो म्हटलं आहे, असं ऐकतो. ही बातमी तुम्ही कुठे बोलू नका. त्यांच्या जागेत आपल्या कबुलीने पाणी लागलं, तर श्रेय कोणाचं याचा नियम अजून वरून आलेला नाही.

तोवर कामाचं बोलू. उद्या सकाळी सातला टँकर येतो आहे. बॅनर माझ्या घरी गुंडाळून ठेवलं आहे, ते टँकरच्या दोन्ही बाजूंना बांधायचं, तोटी झाकली तरी चालेल. सुतळी तुम्ही आणा. आणि बॅनरवरचा मधला मोठा फोटो कोणाचा ठेवायचा ते रात्री दहानंतर तालुक्याला फोन करून एकदा विचारून घ्या. आधी विचारू नका, बदलतो.