पल्लीपतन

काल रात्री साडेनऊच्या सुमारास आमची पाल माझ्या कपाळावर पडली. 'आमची' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे, कारण दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटमागे राहणाऱ्या या प्राण्याच्या खाण्यापिण्याची गेले चार महिने मी जेवढी चौकशी केली आहे, तेवढी या घरात माझ्या खाण्याची कोणी केलेली नाही. आषाढात दारात सापडून तिची शेपटी तुटली; शेपटी जमिनीवर वळवळत राहिली आणि बाईसाहेब पसार झाल्या. नवी शेपटी आखूड आणि बोथट निघाली, म्हणून तिचे नाव बांडी.

दिवे लागले की बांडी बाहेर येते आणि अर्धा तास काहीही करत नाही. पतंग बसला की बोटबोट सरकते, थांबते, शेपटीचे टोक हलवते आणि अखेरच्या झेपेत त्याला पकडून, भिंतीवर आपटून पंखांसकट गिळते. नंतर जिभेने स्वतःचे डोळे पुसते, कारण तिला पापण्या नाहीत. एकदा मी प्रेमाने मेलेला पतंग तिच्यापुढे ठेवला, तर तिने ढुंकूनही पाहिले नाही. तोच दोऱ्याला बांधून हलवला तेव्हा दोऱ्यासकट ओढला. कात टाकल्यावर मात्र ती कातही खाऊन टाकते. इतका काटकसरी जीव आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत एकही नाही.

तर काल वरच्या मजल्यावरचे अण्णा, माझ्या सातव्या विनंतीनंतर, त्यांच्या न्हाणीघरातून आमच्या छताला आलेली ओल पाहायला खाली आले होते. आम्ही दोघे माना वर करून उभे असताना बांडीने ओलीने फुगलेल्या रंगाच्या पोपड्यावर पाय ठेवला. पालीची पकड सुटत नाही. बोटांखालच्या लक्षावधी सूक्ष्म केसांमुळे ती काचेवरही चालते, आणि ही किमया रेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स आकर्षणाची असल्याचे २००२ साली टोके जातीच्या पालीवर प्रयोग करून दाखवलेले आहे. काल सुटली ती पाल नव्हे, भिंत सुटली. पुरावा म्हणून तळहाताएवढा पोपडा बांडीबरोबरच माझ्या तोंडावर आला होता.

"आधी कुठे टेकली?" अण्णांनी विचारले.

"तुमच्या समोरच तर पडली!"

"तसे नव्हे. भुवईच्या वर की खाली?"

"वर."

अण्णा ओल पाहायला चार महिने आले नव्हते. पंचांग आणायला मात्र दोन जिने चढून दीड मिनिटात परत आले. "ललाट. म्हणजे बंधुदर्शन. भाऊ भेटणार तुम्हाला!" माझा भाऊ वडिलांच्या जमिनीच्या वाटणीवरून सहा वर्षे माझ्याशी बोलत नाही. त्याच्यापेक्षा पाल परवडली, असे मी म्हणालो.

"पण मग ती घसरली कुठून? उजव्या कानावरून की डाव्या?"

"डाव्या."

अण्णांनी चष्मा काढला. "पुरुषाची उजवी बाजू शुभ. उजवीकडे घसरायला हवी होती हो." मी भलत्याच बाजूला मान कलती केल्याचा ठपका त्या स्वरात स्पष्ट होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या मातोश्री आल्या आणि त्यांनीही लागले का हे न विचारता डावे की उजवे एवढेच विचारले.

"अण्णा, ही ओल..."

"ओल कुठे पळून जाते आहे? आधी सचैल स्नान करा. अंगावरच्या कपड्यांनिशी, आत्ताच्या आत्ता."

डिसेंबरात, रात्री दहा वाजता, गॅस संपलेला असताना मी सदरा-लेंग्यासह थंड पाण्याने स्नान केले. डोळ्यांत गेलेला चुना अजून चुरचुरतो आहे. दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हा विषय माझ्या अशुभनिवारणात वाहून गेला आणि अण्णा, आपणही पल्लीपतन जवळून पाहिले आहे तेव्हा दोन तांबे अंगावर घेतलेले बरे, असे म्हणत वर निघून गेले.

मी डोके पुसत बाहेर आलो तेव्हा वर नळ सुटल्याचा आवाज येत होता. पोपडा पडलेल्या जागी एक थेंब जमला, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि बांडी त्याच्या शेजारी बसून ते पाणी जिभेने शांतपणे चाटत होती.